सुगीच्या प्रार्थनेतला मासा

साठ वर्षं झाली. नवरा गेल्यावर शेजारच्या ट्रेविनबाई जमीनदार लॉर्डसाहेबांच्या मालकीच्या नदीतले सॅमन मासे चोरू लागल्या. पकडल्या गेल्या तर तुरुंग ठरलेला.

सुगीच्या प्रार्थनेला गावकरी शेतातलं पीक चर्चमध्ये देवापुढे ठेवतात. त्या सकाळी नदीवरून येताना त्यांना हवालदार पेनरोझ आडवा आला.

“मिसेस ट्रेविन, टोपलीत काय आहे?”

“देवाचं दान रे. चर्चलाच निघालेय. चल की!”

बाईंनी भोपळ्या-बटाट्यांच्या राशीत मासा सगळ्यांदेखत ठेवला. देवापुढचं दान कुठून आलं, हे विचारायची आमच्याकडे रीत नाही. लॉर्डसाहेब लालबुंद होऊन स्तोत्र गात राहिले.

प्रार्थनेनंतर हे सगळं दान गावातल्या विधवांना वाटतात. मासा पेनरोझनेच बाईंना घरपोच दिला.

“बस. लिंबू चिरते,” बाई म्हणाल्या.

तो टोपी काढून बसला.