गाडीत अन्य कोणी असल्यास

पोलिसांनी थांबण्याचा इशारा दिल्यावर जो चालक वाहन थांबवणार नाही, किंवा थांबल्यासारखे करून पुन्हा

नाही. तसं झालं नाही. माझा धाकटा भाऊ थांबल्यासारखं करणाऱ्यातला नाही, त्याने सरळ गाडी पिटाळली. गाडी त्याची नव्हतीच. तो गॅरेजमध्ये कामाला, आणि ही एका गिऱ्हाइकाची, ब्रेकच्या कामाला आलेली, छताला काच असलेली. मालकाला न विचारता बाहेर काढलेली. चौकात पोलिसाने हात केला आणि आमच्या धाकट्याला त्या हातात आपली नोकरी गेलेली दिसली. ब्रेक उत्तम झाले होते, असं तो नंतर म्हणाला. वापरले मात्र नाहीत.

इशारा म्हणजे हाताने, दिव्याने किंवा भोंग्याने केलेली, कोणासही समजेल अशी

आईला समजली नाही. आई मागच्या सीटवर होती.

हे पोलिसांना माहीत नाही. काळ्या काचांतून त्यांना ती दिसली नाही. मला माहीत आहे, कारण त्या संध्याकाळी तिने मला फोन केला, तेव्हा अजून तो पकडला गेल्याचं तिला कळलंही नव्हतं.

"अगं, काय गाडी चालवतो! पोटातलं पाणी हललं नाही."

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर बसून मोठ्याने विचारलं, "मागे भोंगा वाजत होता, आई. ऐकू नाही आला?"

"यंत्र घरी ठेवलं होतं. कानात घातलं की नुसता पंख्याचा आवाज येतो."

"गाडीत कुठला आलाय पंखा?"

"तेच म्हणते मी. मग घालून काय करू?"

बाबा गेल्यापासून ती तिसऱ्या मजल्यावरून फारशी उतरलीच नव्हती. गुडघे, जिना, आणि खाली उतरून जायचं तरी कोणाकडे. धाकट्याने तिला हाताला धरून खाली आणलं, तलावाकाठच्या रस्त्याला घेऊन गेला. परतताना तो चौक. आई मान टेकून छतातून वर बघत होती. झाडं नुसती मागे पळत होती, म्हणाली. "मीच त्याला म्हटलं, अजून जोरात घे."

शाळेमागच्या गल्लीत पोलीस क्षणभर मागे पडले तेव्हा त्याने तिला उतरवलं. "तू हो पुढे, मी गाडी ठेवून येतो." ती जिना चढून वर गेली, दोन कप चहा टाकला.

तेव्हापासून तो कोठडीत आहे. आई गॅलरीत बसते. खालून गाडी गेली की वाकून तिचं छत बघते. काच असलेलं एखादंच असतं. त्या दिवशी जेवण चांगलं जातं.

वाहनात अन्य कोणी असल्यास, व त्या व्यक्तीच्या जिवास धोका उत्पन्न

हे वकीलबाईंनी समजावलं. पळून जाताना एकटा असेल तर सहा महिने. सोबत कोणी असेल तर तीन वर्षांपर्यंत. "सोबत कोणी नव्हतं ना?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता फाइल मिटली. नेमकं तेव्हा आईच्या कानात यंत्र होतं.

त्यांच्याकडून निघालो, तर जिन्यात आई थांबली. "धोका? मला? तुझ्या बाबांच्या स्कूटरवर जन्मभर जीव मुठीत धरून बसले, तेव्हा कुठे गेलं होतं यांचं कलम?"

"आई, हे कुठे बोलायचं नाही. कोर्टात तर नाहीच नाही."

"मग सांगू कोणाला?"

"मला सांग."

"तुला सांगून झालं."

शिक्षा ठरवताना न्यायालय असे पाहील की

न्यायाधीशांनी चष्मा काढून पाहिलं. "गाडीत आणखी कोणी होतं?"

"नाही. मी एकटाच." मागे न बघता.

आई त्याच्या मानेकडे बघत होती. केस वाढले होते त्याचे. मी तिचा हात धरला, तिने सोडवून घेतला.

सहा महिने. आणि गाडी चालवायचा परवाना पाच वर्षं बंद. वकीलबाईंनी मान हलवली, म्हणजे बरं झालं. मी आईच्या कानाशी वाकून दोन्ही सांगितलं. सहा महिने तिने बोटांवर मोजले. पाच वर्षांवर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच निकाल दिला होता. बहात्तरची आहे ती.

धाकट्याला शिपाई बाहेर नेऊ लागले तेव्हा ती उठून उभी राहिली. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशी, खोलीभर ऐकू जाईल अशी बोलली.

"परत कधी नेशील रे मला?"

सगळ्यांनी मागे पाहिलं. सरकारी वकील कागदांना दोरी बांधत होते, त्यांचे हात थांबले. न्यायाधीश अर्धवट उठलेले, तसेच. धाकट्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मग त्याने आपण घरी बोलतो तसे ओठ मोठे हलवून विचारलं,

"कुठे, आई?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. परत त्याच्याकडे, बराच वेळ.

"बाजारात," ती म्हणाली. "पायीच जाऊ. पिशवी मी घेईन."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. सरकारी वकिलांनी गाठ मारली.

"नेईन," धाकटा म्हणाला. तिला ऐकू आलं की नाही कळेना, म्हणून परत एकदा.