गोदूचं लगीन

गोदूचा नवरा आनंदा करंज्याला मासेमारीच्या बोटीवर गेला आणि तिथेच दुसऱ्या बाईबरोबर राहू लागला. दोन वर्षांनी तो गावी आला तो जातीच्या पंचांपुढे काडी मोडायला. काडी मोडली, नातं तुटलं, आणि गोदू पनवेलला भावाकडे परत आली. ही अठ्ठावन्न सालच्या आसपासची गोष्ट.

भाऊ बळीराम मिठागरावर राबायचा. त्याने बहिणीला कधी एका शब्दाने दुखवलं नाही. पण वाडीतल्या बायका नव्या माणसाला ओळख करून देताना सहज म्हणत, ही बळीरामाची टाकलेली बहीण. त्यांच्या मनात वाकडं नसे. वाडीत बहिणी पुष्कळ, कुठली ते कळायला हवं, एवढंच. गोदूला मात्र तो शब्द ऐकला की जेवणानंतर अंगणाच्या कडेला टाकलेलं खरकटं आठवे.

गावात रुथबाईंकडे ती धुणंभांडी करायची. रुथबाई दवाखान्यात नर्स होत्या. बेने इस्रायल, म्हणजे ज्यू समाजाच्या, पण पिढ्यान् पिढ्या इथल्याच. शनिवार त्यांचा पाळणुकीचा वार, त्या दिवशी चूल पेटत नसे, म्हणून गोदूलाही सुट्टी.

चौथ्या वर्षी गोदूला स्थळ आलं. आपट्याचा काशिराम, पाताळगंगेवर होडी चालवणारा. त्याची बायको तापाने वारली होती, मूलबाळ नव्हतं. तो स्वतःच येऊन गेला, ओट्यावर बसून चहा प्याला, फार बोलला नाही. जाताना त्याने गोदूला विचारलं की नदीची भीती वाटते का. ती नाही म्हणाली. तिला माणूस आवडला.

दुसऱ्या दिवशी तिने रुथबाईंना सांगितलं. बाई हातातलं काम सोडून उठल्या आणि म्हणाल्या, "अगं, म्हणजे तुझं लग्न ठरलं!"

"लगीन नाय बाई, पाट," गोदू म्हणाली.

बाईंनी फरक विचारला, तेव्हा गोदूने समजावलं. बाईचं दुसऱ्यांदा होतं त्याला पाट म्हणतात. तो रात्री लावायचा, घराच्या मागच्या दाराशी. हळद नाही, वाजंत्री नाही, गाणी नाहीत. सवाष्णींनी तिथे थांबायचं नाही, आणि सकाळ व्हायच्या आत बाईने नव्या घरी पोचायचं, कुणाला तिचं तोंड दिसू नये म्हणून.

"आणि काशिरामाचं?" बाईंनी विचारलं. "त्याचंही दुसरंच ना?"

पुरुषाचं कितव्यांदाही झालं तरी लगीनच, असं गोदू सांगायला गेली आणि मध्येच थांबली. हे सगळं तिला लहानपणापासून ठाऊक होतं. मोठ्याने सांगायची वेळ आजवर आली नव्हती. गोदूने राहिलेली भांडी घासली आणि घरी गेली.

बळीराम कामावरून आल्यावर तिने त्याला सांगितलं, की दिवसाउजेडी, हळद लावून, लगीन म्हणून करणार असाल तर मी उभी राहीन. बळीराम गोंधळला. त्याने तिला समजावलं, की माणूस चांगला आहे, घर चांगलं आहे, नावात काय ठेवलंय.

"नावात काय नाय ना दादा?" गोदू म्हणाली. "मंग लगीन म्हनायला तुजी जीब का अडते?"

बळीराम त्या रात्री जेवला नाही. रविवारी तो आपट्याला गेला. आता स्थळ मोडणार, असं धरूनच तो गेला होता. काशिरामाने सगळं ऐकलं, बराच वेळ होडीतलं पाणी उपसत राहिला. मग म्हणाला, "मी तर इथं माजं लगीन हाय असंच सांगतोय सगळ्यांना. तिच्या बाजूनं दुसरं काय सांगायचं असतंय, हे माज्या डोक्यातच आलं नाय."

पंचांमधल्या म्हाताऱ्या विठूने मात्र नकाराची मान हलवली. त्याचं म्हणणं साधं होतं. लगीन म्हटलं की धवलारीण हवी, तिने धवले गायला हवेत, देवांना आणि पूर्वजांना मांडवात बोलवायला हवं. पाटाला कुठलीच धवलारीण उभी राहणार नाही.

वाडीची धवलारीण होती चंद्रावती. साठीची विधवा, वाडीतल्या निम्म्या संसारांना तिच्याच गाण्यांनी सुरुवात झालेली. बळीरामाने निरोप पाठवला, तेव्हा ती उत्तर न देता स्वतःच घरी आली आणि गोदूसमोर बसली. हे तुझ्या मनाचं आहे की कुणी शिकवलंय, असं तिने विचारलं. माझ्याच मनाचं, गोदू म्हणाली.

चंद्रावतीने पान लावलं, पण तोंडात घातलं नाही.

"मला पन सांगून आलं होतं," ती म्हणाली. "तुज्याहून ल्हान होते मी. मानूस चांगला होता. पन अंधारात तोंड लपवून कुनाच्या घरात शिरायचं, मला नको वाटलं. म्हनून राहिले अशी." मग ती म्हणाली, "माज्या गान्यात नवरी हाय. पाटाची बाय कुठंच नाय. मी आले तर तुला नवरीच म्हनेन. विठूला सांग."

आमंत्रणाला बळीराम घरोघर फिरला. पहिल्या दोन-तीन घरी त्याने आमच्याकडे कार्य हाय एवढंच सांगितलं. चौथ्या घरी तेच ऐकून म्हातारीने घाबरून विचारलं, कोण गेलं? तेव्हा त्याला हसू आलं, आणि तिथून पुढे तो प्रत्येक दारात सरळ म्हणाला, बहिणीचं लगीन हाय, या.

सगळे आले नाहीत. विठू आला नाही, त्याच्या भावकीतलं कुणी आलं नाही, रांधलेला भात बराच उरला. शेजारच्या दोन सवाष्णी कुंपणाशीच उभ्या राहिल्या. रुथबाई नवं लुगडं घेऊन आल्या आणि पुढे जाऊन बसल्या.

आनंदाशी लग्न झालं तेव्हा गोदू तेरा वर्षांची होती आणि धवले चालू असताना झोपून गेली होती. या वेळी तिने शब्द न् शब्द ऐकला. चंद्रावतीचा आवाज आता फाटका झाला होता, खोकल्याने दोनदा थांबला. तिने देव बोलावले, गोदूच्या मेलेल्या आईबापांना नावाने बोलावलं, आणि मग नवरीला हळद लावा असं गाऊन कुंपणाकडे पाहिलं. गाण्यात बोलावल्यावर न जाणं अवघड. त्या दोघींपैकी एक पुढे आली आणि तिने गोदूच्या गालाला हळद लावली. दुसरी निघून गेली.

दुपारी बैलगाडी आपट्याच्या वाटेला लागली. वाडी मागे पडली. मग गोदूने काशिरामाला त्याच्या पहिल्या बायकोचं नाव विचारलं. मालू, तो म्हणाला. घरात तिची चोळीबांगडी अजून तशीच आहे, तुला नको असेल तर काढून ठेवतो, असंही म्हणाला.

"ऱ्हाऊ दे," गोदू म्हणाली. "कशी होती ती, ते सांग."

काशिरामाने बैलांचे कासरे सैल सोडले आणि सांगायला सुरुवात केली.