खांद्याला लावायचं औषध

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी राजनंदिनीला सरळच सांगितलं. मूल व्हावं म्हणून मागच्या खेपेला एवढी इंजेक्शनं देऊनही स्त्रीबीजं जेमतेम दोनच आली, तेव्हा या खेपेला आधी काही आठवडे खांद्याला हार्मोनचं जेल चोळायचं, मग इंजेक्शनं. औषध पुरुषी हार्मोनचं. लहान लेकराच्या अंगाला ते लागता कामा नये.

तिच्या नवऱ्याने, हरीशने, वर आपली अट घातली. घरात अवाक्षर काढायचं नाही. मागच्या वेळी गावात, कुरुंद्यात, हळदीच्या भावापेक्षा त्यांचीच चर्चा जास्त झाली होती म्हणे. अब्रू त्याची आणि जेल चोळायचं हिने, न्हाणीघराला आतून कडी लावून!

नेमकी त्याच दिवसांत धाकटी जाऊ सृष्टी बाळ घेऊन माहेराहून आली. मोठी गुणाची पोर. मूल नसलेल्या जावेच्या पदरात लेकरू आधी घालायचं, म्हणजे तिचीही कूस उजवते, ही त्या घरची रीत. उंबऱ्यावर ओवाळून झालं तशी ती तडक राजनंदिनीकडे आली.

"ताई, पदर पसरा. पयले तुमच्याच पदरात घालते याला."

घामाने राजनंदिनीचा ब्लाउज खांद्याला चिकटला होता आणि आत सकाळचं जेल. तिचे हात पुढे झाले, तसेच मागे आले.

"नको," ती म्हणाली. "मला नको देऊस."

तिच्या सासूबाई मंजुळाबाई कडाडल्या, "काहून गं? लेकरू हाय ते, इंगळ न्हाई!"

राजनंदिनीने हरीशकडे पाहिलं. डॉक्टरांनी सांगितलंय, एवढंच त्याने म्हणायचं होतं. "हळद शिजली का बघून येतो," म्हणून तो शूर माणूस चपला घालून निघून गेला. तिला तेव्हा त्याचा जेवढा राग आला, तेवढा कधी आला नव्हता.

पुढे सृष्टीने बाळ तिच्याजवळ कधी आणलं नाही. घरात एवढी माणसं, पण राजनंदिनी आपल्या खोलीत एकटीच पाळण्याच्या कड्यांची करकर ऐकत बसे.

जेल संपलं त्या आठवड्यात तिने खांदे लाल होईस्तोवर घासले आणि ओसरीवर आली.

"दे गं त्याला. जरा घेते."

सृष्टीने बाळाला चटकन दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "राहू द्या, ताई. आत्ताच निजलं बगा."

ती पाठ फिरवून आत निघाली. तिच्या खांद्यावरून बाळ टकटक डोळ्यांनी राजनंदिनीकडे बघून हसत होतं.