मनोऱ्यातलं साळिंदर

वय तिशीपलीकडचं आणि आवाज सात वर्षांच्या पोरीचा, एवढंच काय ते तिचं भांडवल. डबिंग स्टुडिओत सगळे तिला चिमणी म्हणायचे. बिस्किटांच्या जाहिरातीतली हट्टी मुलगी तीच, आणि कार्टूनमधलं खारीचं पिल्लूही तीच. आता पहिल्यांदाच एका अख्ख्या सिनेमाच्या नायिकेचा आवाज तिच्या वाट्याला आला होता. आणि सिनेमा तरी कुठला? लहानपणी मावशीनं पुन्हापुन्हा वाचून दाखवलेल्या पुस्तकावरचा.

सिनेमावाल्यांनी पुस्तकाचा पार कायापालट केला होता. पुस्तकातली जादूगारीण बोळक्या तोंडाची, हिला पांढरीशुभ्र बत्तिशी. पुस्तकातली मुलगी नाक पुसत पुसत जंगल पार करायची, ही तलवार फिरवत निघालेली. चिमणी मनातल्या मनात नाकं मुरडत का होईना, भराभर काम उरकत होती. घोडं अडलं ते मनोऱ्यात.

जादूगारीण मुलीला दगडी मनोऱ्यात कोंडते, दिवा विझतो आणि मुलगी अंधारात एकटी राहते. वाक्यं मोजून दोन: "कोणी आहे का?" आणि "मी इथे आहे." चिमणीचे शब्द पडद्यावरच्या ओठांशी तंतोतंत जुळत होते, हुंदकाही चोख पडत होता. तरी काचेपलीकडे दिग्दर्शकबाईंची मान नकारार्थीच हलायची.

"चिमणे, भीती कुठाय यात? शेजारी कोणीतरी बसल्यासारखी बोलतेस तू."

"बसलंयच की! साळिंदर."

"कोण?"

"अहो, ते म्हातारं साळिंदर! धापा टाकत जिना चढून येतं, काटे मिटून घेतं आणि म्हणतं, 'सरक जरा, मलाही भीती वाटतेय.' सिनेमात कापलंय त्याला, पण पुस्तकात आहे."

बाई कामाला पक्क्या. पुस्तक त्यांच्या पिशवीतच होतं. त्यांनी ते काढून चिमणीच्या हातात ठेवलं.

चिमणीनं मनोऱ्याचं प्रकरण वाचलं. मग विहिरीचं, मग गुहेचं. मुलगी जिथे जिथे एकटी पडायची, तिथे तिथे साळिंदर हजर, असं तिला लख्ख आठवत होतं. पुस्तकात मात्र मुलगी नुसतीच एकटी होती. सगळं पुस्तक चाळून झालं, तरी साळिंदराचा एक काटासुद्धा सापडला नाही.

"उद्या दुपारी परत घेऊन बघू," बाई म्हणाल्या. "नाहीच जमलं तर मला दुसरा आवाज शोधावा लागेल गं. राग मानू नकोस."

चिमणी तशीच मावशीकडे गेली. मावशी खिडकीपाशी बसून कुणाच्या तरी शर्टाची काजं करत होती.

"साळिंदर कुठाय?" चिमणीनं दारातूनच विचारलं.

मावशीनं चष्म्यावरून पाहिलं. "एवढी वर्षं लागली होय तुला! हुशार म्हणायचे सगळे."

"म्हणजे नव्हतंच?"

"मीच घातलं. पोरीला रात्रभर अंधारात एकटी बसवायची म्हणजे काय? लिहिणाऱ्याचं काय जातंय! झोपवायचं मला होतं."

ते वर्ष चिमणीला आठवलं. आई मोठ्या दुखण्यानं दवाखान्यात, बाबा तिच्या उशाशी, आणि घर सांभाळायला आलेली मावशी जेमतेम विशीची. पुढे आई खडखडीत बरी होऊन घरी आली. पण त्या दिवसांतलं चिमणीला काय आठवत होतं, तर शिवणयंत्राची खडखड, घट्ट घातलेल्या वेण्या आणि ते साळिंदर. भीती काही केल्या आठवेना.

"तू माझ्यासाठी भीती शिल्लकच ठेवली नाहीस गं," ती म्हणाली. "आता कामाला हवी आहे, तर कुठून आणू?"

मावशी खळखळून हसली. मग तिनं सुई शर्टाला टोचून ठेवली.

"तुला नव्हती. मला होती ना. तू झोपलीस की मी जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसायचे. ताईचं काही बरंवाईट झालं, तर या पोरीला मी काय सांगू? जीव अर्धा व्हायचा. आणि मोठ्यानं रडायची सोय नाही, तू उठली असतीस. मूठ तोंडात धरून बसायचे."

"मग ते 'मलाही भीती वाटतेय' म्हणजे..."

"तेवढं खरं होतं."

एवढ्या वर्षांत आपण या बाईचे साधे आभारही मानले नाहीत, हे चिमणीच्या ध्यानात आलं. मानायला गेली, तर आवाजच फुटेना. आवाजावर पोट भरणारी बाई ती! तिनं मावशीचा सुई टोचून टोचून खरखरीत झालेला हात नुसता गालाला लावून धरला.

दुसऱ्या दिवशी तिनं माइक खाली घ्यायला लावला आणि जमिनीवर, पायरीवर बसावं तशी बसली. पडद्यावरचा दिवा विझला. "कोणी आहे का?" ती म्हणाली, पण ओरडून नाही. शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय आणि त्याला जाग येऊ नये, अशा दबक्या आवाजात. हुंदका तिनं मुठीतच अडवला. रेकॉर्डिस्ट मशीन थांबवायचं विसरला.

"हे कुठून आणलंस?" बाईंनी डोळे पुसत विचारलं.

"घरून."

सिनेमा लागला तेव्हा ती मावशीला घेऊन गेली. "बया, हिचे दात बघ!" मावशी एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की पुढच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. मग मनोरा आला, दिवा विझला आणि पडद्यावरून सात वर्षांच्या आवाजात मावशीचीच जुनी भीती थिएटरभर पसरली.  अंधारात मावशीचा हात चिमणीचा हात शोधू लागला.

"यातसुद्धा कोणीच येत नाही का गं तिच्याजवळ?" तिनं कुजबुजत विचारलं.

चिमणीनं दोन खुर्च्यांमधला हात टेकायचा दांडा वर उचलला.

"येतं ना," ती म्हणाली. "सरक जरा."