भोकर ते नांदेड, माझ्या बोगद्यातून

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. भोकरला डॉक्टर वर्षाराणींच्या डोळ्यांच्या दवाखान्यात, औषधांच्या कपाटाशेजारी मी राहतो. माझा रंग एकेकाळी पांढराशुभ्र होता. आता कढीसारखा पिवळट झाला आहे.

माझी उमेदीची वर्षे नांदेडच्या एका कचेरीत गेली. साहेब रोज संध्याकाळी माझ्यावर कापड घालून घरी जात. पुढे नवे चकचकीत संगणक आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथून मला उचलले दामिनीने. दामिनी उदगीरची, नांदेडला सॉफ्टवेअरचे काम करणारी. तिने माझी धूळ झटकली, नवा पंखा बसवला आणि माझ्यात बीएसडी नावाची प्रणाली घातली. ही प्रणाली फुकट मिळते, तिचा कोड कुणालाही उघडून वाचता येतो आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्यालाही ती झेपते. मग तिने मला आपल्या मैत्रिणीच्या, म्हणजे वर्षाराणींच्या दवाखान्यात इंटरनेटच्या राखणीला बसवले.

वर्षाराणी रुग्णांच्या डोळ्यांच्या पडद्याचे फोटो काढून मोबाइलवरून नांदेडच्या डॉक्टर रविकांतांना पाठवत. एके दिवशी त्यांचे बोट चुकले आणि लिंबाजीकाकांचा फोटो, नाव आणि 'मधुमेह' या शेऱ्यासकट, गावाच्या ग्रुपवर गेला.

दुसऱ्या दिवशी काका तावातावाने आले. "ताई, मला साखर हाय हे समद्या गावाला कळलं. पोरीच्या सासरचे बी इचारून राहिलेत. आता म्या फोटो काढू देणार न्हाई!"

वर्षाराणींनी हात जोडून माफी मागितली, पण काका निघून गेले. त्यांना दिसायला कमी झाले होते. उशीर झाला तर नजर कायमची जाणार होती.

वर्षाराणींनी फोनवर सगळे सांगितले तशी दामिनी भोकरला आली. म्हणाली, "इथून नांदेडपर्यंत बोगदा करू. व्हीपीएन. मोबाइल मध्ये येणारच नाही; फोटो कुलूपबंद होऊन थेट रविकांतांकडे जाईल, वाटेत कुणाला वाचता येणार नाही."

पण नांदेडला रविकांतांच्या रुग्णालयात जो व्हीपीएनचा प्रोग्राम होता, तो लिनक्स नावाच्या दुसऱ्या प्रणालीसाठी लिहिलेला. माझ्या बीएसडीवर तो चालेना.

"मग नवाच संगणक घेते," वर्षाराणी म्हणाल्या. "ह्याला भंगारात देऊन टाकू."

माझा पंखा क्षणभर अडखळला, मित्रांनो!

"थांब गं," दामिनी म्हणाली. "त्या प्रोग्रामचा कोड उघडा हाय, ह्याच्या प्रणालीचा बी उघडा हाय. दोघांची गाठ घालून देते की मी."

ती कामाला लागली. आधी प्रोग्राम माझ्यावर तयारच होईना. एकाच गोष्टीला लिनक्सवर एक नाव, माझ्याकडे दुसरे. तिने एकेक जागा बदलली. अखेर बोगदा उघडला, पण आरपार काहीच जाईना. दामिनीने माझी सुरक्षा-भिंत तपासली, नांदेडची लाइन तपासली. सगळे ठीक होते.

"काय करून राहिलायस रे तू?" ती मला म्हणाली आणि बोगद्याच्या तोंडाशी येणारी माहितीची पाकिटे जशीच्या तशी दाखवायला तिने मला सांगितले. मी दाखवली. ती बराच वेळ पाहत राहिली आणि एकदम ओरडली, "अय्यो! ही चिठ्ठी कुठून आली?"

माझ्या बीएसडीची रीत अशी की, बोगद्यातल्या प्रत्येक पाकिटावर 'आत काय आहे' हे सांगणारी चार बाइटांची चिठ्ठी हवी. त्या प्रोग्रामला अशी चिठ्ठी ठाऊकच नव्हती. मी दिलेली चिठ्ठी त्याला समजत नव्हती आणि त्याची बिनचिठ्ठीची पाकिटे मी फेकून देत होतो. चूक कुणाचीच नव्हती, रिवाज वेगळे होते. दामिनीने थोड्या ओळी लिहिल्या: माझ्याकडे येताना चिठ्ठी लाव, माझ्याकडून जाताना काढ.

आणि नांदेडहून उत्तर आले! दामिनीने टाळ्या पिटल्या. वर्षाराणी हातातली औषधाची बाटली घेऊनच धावत आल्या.

मग दोघी लिंबाजीकाकांच्या घरी जाऊन त्यांना घेऊन आल्या. काकांनी मला खालून वर न्याहाळले. "ह्या डबड्यातून जाणार फोटो?"

"ह्याच्यातूनच, काका. मधी कुणी उघडला तर त्याला नुसती गिचमिड दिसंल," दामिनी म्हणाली.

काकांनी थोडा विचार केला आणि कॅमेऱ्यासमोर हनुवटी टेकवली. दुपारीच डॉक्टर रविकांतांचा फोन आला, "उद्याच पाठवा. वेळेत सापडलंय."

इंजेक्शने झाली, लेझर झाले. काही महिन्यांनी काका तपासणीला आले तेव्हा त्यांनी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली. शिवाय, "थांबा, अजून हाय," म्हणून तळाशी छापलेले छापखान्याचे बारीक नावही वाचून दाखवले! दवाखाना हसण्याने भरून गेला.

दामिनीने आपले बदल प्रोग्राम लिहिणाऱ्या मंडळींना पाठवले. त्यांनी भरपूर प्रश्न विचारले आणि मग ते आनंदाने स्वीकारले. आता बीएसडी वापरणाऱ्या कुणालाही तो बोगदा फुकट मिळतो. परवा दूरदेशीच्या एका वाचनालयातून निरोप आला, "आमच्याही जुन्या संगणकावर चालला. धन्यवाद!" दामिनीने तो वर्षाराणींना मोठ्याने वाचून दाखवला. मीही ऐकला.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, घरात जिन्याखाली माझा एखादा भाऊबंद पडलेला असेल. त्याला भंगारात देण्याआधी एकदा त्याची धूळ झटका, पंखा फिरतो का पाहा. आणि स्वतः खटपट करून एखादी वाट काढलीत, तर ती सगळ्यांसाठी उघडी ठेवा. तिच्यावरून कोण कोण चालत येईल, ते तुम्हालाही ठाऊक नसते.