मनुबाईच्या घरातलाच धक्का

कोयनानगरच्या वरच्या वाडीत एक नियम आहे. तो पोराबाळांना वेगळा शिकवावा लागत नाही. मांडणीवरची भांडी वाजली की बघत बसायचं नाही, थेट अंगणात पळायचं. सदुसष्टच्या त्या मोठ्या भूकंपात मनुबाई सहा वर्षांची होती. बापानं तिला गोधडीसकट उचलून बाहेर आणलं होतं. तेव्हापासून भांडी वाजली रे वाजली की मनुबाई अंगणात. या बाबतीत तिचा हात धरणारं वाडीत कुणी नव्हतं.

पण यंदा संक्रांतीपासून काय भानगड झाली देव जाणे, भांडी दिवसातनं पाच-सहा वेळा वाजायला लागली. आणि वाजायची ती फक्त मनुबाईच्या घरात! ही बाई पदर सावरत, धापा टाकत अंगणात उभी, आणि समोरच्या घरची राजनंदिनी आपली निवांत तांदूळ निवडत बसलेली.

"आवं मावशी, कायबी झालं न्हाई. आमची वाटीसुदिक हालली न्हाई," ती म्हणायची.

पहिल्या पंधरवड्यात लोक हसले. नंतर हसायचे बंद झाले, आणि मनुबाईला तेच जास्त लागलं. हसणारा माणूस परवडला, पण हे हळू आवाजात बोलायला लागले. राजनंदिनीनं साताऱ्याला फोन लावला. मनुबाईचा लेक पृथ्वीराज तिथं कारखान्यात सुपरवायझर. त्यानं आईला सांगून टाकलं, "रविवारी टेम्पो घेऊन येतो. सामान आवरून ठेव. इथं एखादा चांगला डॉक्टर बघू."

डॉक्टर! एवढं आयुष्य या घरात गेलं, नवरा याच घरात गेला, परसात हातानं लावलेला फणस यंदा पहिल्यांदा धरला होता. आणि आता डोकं फिरलं म्हणून घर सोडायचं? एकदोनदा तिलाही वाटलं, खरंच फिरलं की काय आपलं? मग ती चुलीपुढं बसून गुपचूप रडली. कुणाला सांगणार?

तरी साताऱ्याला जायचंच तर लेकासाठी चटणी तरी न्यावी म्हणून शुक्रवारी तिनं भाजलेल्या मिरच्या मिक्सरला लावल्या. खोबरं, लसूण, सगळं एकदम कोंबलं. मिक्सरनं घुर्र केलं आणि मान टाकली.

तिनं मेजरला बोलावलं. मेजर म्हणजे नाथाजी. फौजेत बावीस वर्षं गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करून आलेला, आता गावोगाव फिरून पंखे, गिझर, मिक्सर बघायचा. हवालदार म्हणूनच रिटायर झाला होता, पण आपल्याकडं फौजेतनं आलेला प्रत्येक माणूस मेजरच.

त्यानं मिक्सर उलटा केला, बुडाखालचं लाल बटण दाबलं आणि परत सुरू केला. घुर्र!

"झालं?" मनुबाई बघतच राहिली.

"झालं की. जास्त भार पडला की ते आपलं आपण बंद पडतंय. आक्का, जरा थोडं थोडं घाला. मिक्सर हाय तो, मिरची कुटायचा डंख न्हाई."

मनुबाई हसली. लय दिवसांनी हसली. तिनं चहा ठेवला. मेजरनं कप हातात घेतला न घेतला तोच मांडणीवरची भांडी खणाणली. मनुबाईनं गॅस बंद केला, मेजरची बाही धरली आणि ओढत निघाली.

"आवं चला की बाहीर! भांडी वाजल्याली ऐकू येत न्हाईत?"

मेजर जागचा हलला नाही. तो हातातल्या चहाकडं बघत होता.

"आक्का, भांडी वाजली. पर माजा च्या का हालंना?"

चहा तसाच होता. एक तरंग नाही. मेजर उठला, मांडणीला चिकटून उभ्या असलेल्या फ्रीजवर त्यानं तळवा ठेवला आणि खाली वाकून बघितलं.

"ह्यो फ्रीज कवा आला?"

"संक्रांतीला. पृथ्वीराजनं नवा घेतला, तवा त्याचा जुना मला आणून दिला. त्यानंच ठिवला हितं."

"आन् एका पायाखाली कागदाची घडी कुणी घातली?"

"त्यानंच. डुगडुगत हुता म्हणून."

मेजर एवढा हसला की राजनंदिनी दारात आली. "आक्का, तुमच्या लेकानं साताऱ्यातनं भूकंप आणून दिलाय की! कॉम्प्रेसर बंद होताना धक्का देतोय, त्याच्या खालची रबरं पार दगड झाल्याती. फ्रीज मांडणीला धडकतोय आन् भांडी वाजत्याती. तुमी एकदाबी थांबून बघितलं न्हाई व्हय?"

मनुबाई कशी बघणार? थांबायचं नाही, हेच तर सगळं आयुष्य शिकली होती! ती मटकन पाटावर बसली. "म्हंजी भांडी खरंच वाजत हुती? माजं डोकं जाग्यावर हाय?" आणि राजनंदिनीच्या देखत ढसाढसा रडली. राजनंदिनीनं मान खाली घातली.

मेजरनं प्लग काढला, चारही रबरं बदलली, पुढचा पाय फिरवून फ्रीज समपातळीत आणला आणि मांडणीपासून हातभर लांब सरकवला. त्या रात्री मनुबाई सलग झोपली.

पण फोनवर सांगून लेक कसला ऐकतोय! रविवारी आला तो दोऱ्या घेऊनच. टेम्पो मागनं येत होता.

"आई, मेजर तुझ्या समाधानासाठी बोलला असेल. फ्रीजनं कुठं भूकंप होतो का?"

"आधी च्या पी," मनुबाई म्हणाली. आतनं मात्र ती पार खचली होती.

दोघं समोरासमोर बसले, मधे कप. आणि भांडी किणकिणली.

मनुबाईनं कपात बघितलं. चहा थरथरत होता.

"खरा हाय!" ती म्हणाली, पण ते ऐकायला समोर कुणी नव्हतं. साताऱ्याचे सुपरवायझर अनवाणी अंगणात पोचले होते, थेट राजनंदिनीच्या शेळीशेजारी. मनुबाईनं गॅस बंद केला, लेकाच्या चपला उचलल्या आणि बाहेर आली. तोवर धक्का थांबलाही होता. समोर राजनंदिनी तांदळाचं सूप घेऊन अंगणातच उभी होती.

"व्हय मावशी, ह्यो आमच्यातबी झाला!" ती ओरडली.

"घाल पायात. खडी टोचंल," मनुबाई लेकाला म्हणाली.

पृथ्वीराज चपलांकडं बघत राहिला. "आई, तुला भीती नाही वाटली?"

"धक्क्याची कसली भीती रं! त्येच्यासंगं तर वाढले. माज्या पोटच्या पोराला मी येडी वाटले, त्येला भ्याले मी."

त्याचे डोळे भरून आले. त्यानं खिशातनं मोबाईल काढला आणि टेम्पोवाल्याला अर्ध्या रस्त्यातनं माघारी लावलं. मग नाक पुसत म्हणाला, "तो फ्रीज तरी नेऊ का परत?"

"ऱ्हाऊ दे," मनुबाई म्हणाली. "आता शाना झालाय त्यो. चल, च्या निवला."