वाट्याची चूक

"मग ते कुलूप गेलं कुठं?" वकीलबाईंनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

समोर बाई बसली होती, नवऱ्याच्या मृत्यूचा दावा लावायला आलेली. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. खड्ड्यात उतरण्याआधी मुख्य खटका बंद करायचा, त्याला स्वतःचं लाल कुलूप घालायचं, किल्ली खिशात. तो वर येईपर्यंत खटक्याला कुणी हात लावायचा नाही. त्या रविवारी तो खड्ड्यात असतानाच वॉचमननं खटका चालू केला. किल्ली खिशात सापडली, कुलूप नाही.

"लिफ्टची कंपनी म्हणते, तुमच्या नवऱ्यानं कुलूप लावलंच नव्हतं," वकीलबाई म्हणाल्या. " स्वतःच्या निष्काळजीपणानं गेले."

"काहीतरीच!" सोबत आलेला दीर उसळला. "घराला कुलूप घालायला विसरेल एक वेळ! अहो, बल्ब बदलायचा तर सगळ्या घराची लाइट बंद करायचा तो. आम्ही हसायचो त्याला."

"दुसऱ्याच्या चुकीनं माणूस गेला तर बायकामुलांना दावा लावता येतो. मुदतीत लावायचा आणि चूक दाखवून द्यायची. वॉचमननं कुलूप तोडलं असेल, तर कंपनी सुटत नाही."

"तोडलंच असणार. हो ना गं वहिनी?"

तिनं मान हलवली.

घरी आल्यावर गुंडी गुलाबी फुलं रंगवलेली पत्र्याची पेटी ओढत तिच्यापुढे आली. पाच वर्षांची पोर, तोंड रडवेलं.

"आई, उघड ना. बाहुली कधीची आत आहे."

कडीत लाल कुलूप होतं.

"हे कुठून घेतलंस?"

"बाबांच्या पिशवीतून. बाबाच म्हणतात ना, कुलपाशिवाय कामाला हात लावायचा नाही. त्या दिवशी आम्ही झोपाळ्यावर जाणार होतो. तरी फोन आला आणि गेले." तिनं आईकडे पाहिलं. "आता आले की देते परत. रागावतील का गं?"

"नाही रागावणार," आई म्हणाली. बराच वेळ ती पोरीच्या केसांतून नुसता हात फिरवत राहिली.

पोर झोपल्यावर तिनं त्याच्याच पेचकसानं कडी उचकटली. कुलूप हातात घेऊन ती गटारापाशी उभी राहिली. टाकलं की संपलं. पण मग कुलूप तोडल्याचा आळ त्या म्हाताऱ्या वॉचमनवर जाणार. ती परत फिरली.

दुसऱ्या दिवशी तिनं कुलूप वकीलबाईंच्या टेबलावर ठेवलं.

"घरीच होतं. पिशवी धुतली तेव्हा मी काढून ठेवलं. परत ठेवायचं राहिलं."

दीर उभाच राहिला. "म्हणजे तू... आणि काल इथं बसून मान हलवलीस?"

तो खुर्ची सरकवून बाहेर गेला.

वकीलबाईंनी कुलूप उचललं. त्यात पत्र्याचा एक तुकडा अडकला होता, गुलाबी फूल रंगवलेला. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"घरी आणखी कोण असतं?"

"मुलगी."

"केवढी?"

"पाच वर्षांची."

पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

"दावा याच्यानं मरत नाही," त्या म्हणाल्या. "वॉचमन म्हणतो, कुलूप नाही हे तुमच्या नवऱ्यानं कंपनीच्या ऑफिसला फोन करून सांगितलं होतं; कालपर्यंत मला ती थाप वाटत होती. तो शेजारीच उभा होता. तरी ऑफिसातले 'आटपा लवकर' म्हणाले आणि खटक्यापाशी माणूस दिला नाही. वर त्यांनीच वॉचमनला फोन केला, लिफ्ट चालू कर म्हणून. चूक त्यांची आहेच, फक्त आता ती वाटली जाईल. भरपाई कमी होईल. आणि कोर्टात सगळ्यांसमोर तुम्हाला विचारतील. नवऱ्याचं कुलूप विसरणारी बाई म्हणतील."

"म्हणू देत. आमच्या वाट्याची चूक माझ्या नावावर लिहा."

बाहेर दीर थांबला नव्हता. येताना रस्ता ओलांडताना त्यानं तिचा हात धरला होता. आता ती एकटीच कडेला उभी राहिली, गाड्या थांबायची वाट बघत.

घरी गुंडी पेटीशी खेळत होती. वाकलेलं झाकण लावायची, ते परत वर यायचं.

"आई, कडीच नाही. आता बंद कशी करायची?"

"उघडीच राहू दे," ती म्हणाली, आणि चपला न काढताच तिच्याशेजारी बसली.